हा हात कोणाचा?

रात्रीची जेवणं उरकली, घरातली वर्दळ निवली की टेबलावरचा दिवा लावा आणि खुर्ची जवळ ओढून बसा. समोर दोन वस्तू ठेवा. एक, पाकिटातली शंभराची किंवा पाचशेची नोट, जमल्यास कोरी. दुसरी, स्वीडनचं एखादं जुनं टपाल तिकीट. तिकीट नसलं तरी अडत नाही. नोट पुरेशी आहे, तिकिटाबद्दल मी सांगतो. हाताशी एक भिंग असू द्या. अर्धा तास कोणी हाक मारणार नाही असा ठेवा. या अर्ध्या तासात काही मिळवायचं नाही, नुसतं पाहायचं आहे.

आधी डोळे मिटा. नोट बोटांनी चाचपा. गांधीजींच्या चेहऱ्यावरून अंगठा हळूच फिरवा. मग उजवीकडच्या अशोकस्तंभावर या. मग दोन्ही कडांवर. तिथे तिरक्या रेषा बोटाला लागतील: शंभराच्या नोटेवर चार, पाचशेच्या नोटेवर पाच. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी म्हणून त्या उठावदार छापलेल्या असतात. बाकीची नोट बहुतांशी गुळगुळीत आहे; या जागी मात्र शाई कागदावर उभी आहे. उंचवटा अगदी नाममात्र, तरी बोटाला कळतो. भाजीवाल्याला देताना, रिक्षावाल्याकडून घेताना अशा कितीतरी नोटा याच बोटांखालून गेल्या. आज पहिल्यांदा बोट थांबलं आहे. ते तसंच काही क्षण राहू द्या.

आता डोळे उघडा आणि स्वतःला विचारा: ही शाई उभी कशी राहिली?

या छपाईला इंटाग्लिओ म्हणतात. तिची जुनी, हाताची रीत अशी. मऊ केलेल्या पोलादाच्या तुकड्यावर ब्युरिन नावाच्या कोरणीने चित्र कोरायचं. कोरणीची मूठ तळहातात बसते, टोक तिरकं घासलेलं असतं. कोरणारा ती पुढे ढकलतो. रेषेला वळण द्यायचं असलं की तो दुसऱ्या हाताने खालचं पोलादच फिरवतो. नांगराच्या फाळाने माती दोन्ही अंगांना उचलली जावी तशी पोलादाची बारीक कड चरीच्या बाजूला वर येते, ती खरवडून काढायची. काम संपलं की पोलाद तापवून कडक करायचं, त्यावर मऊ पोलादाचा रोलर दाबून चित्र उचलायचं, आणि रोलरही कडक करून त्यावरून ते छपाईच्या प्लेटवर पुन्हा पुन्हा उतरवायचं. प्लेटवर शाई फासून पृष्ठभाग पुसला की शाई फक्त चरींत उरते. मग जबर दाबाखाली कागद त्या चरींत शिरतो आणि शाई घेऊन वर येतो. चर खोल असेल तर रेघ गडद उमटते, उथळ असेल तर फिकी.

म्हणजे कागदावरचा उंचवटा हा पोलादातल्या खोलीचा ठसा आहे. जे कोणी कोरलं ते खाली, जे आपल्या बोटाला लागतं ते वर. आणि सगळं उलटं: चेहरा कागदावर डावीकडे पाहत असेल तर पोलादावर तो उजवीकडे पाहत असतो. अक्षरंही आरशातल्यासारखी कोरावी लागतात. तिकिटाच्या बाबतीत तर हे काम तिकिटाएवढ्याच जागेत करायचं असतं. मोठं चित्र काढून मग लहान करायची सोय हाताने कोरणाऱ्याला नाही. बोटाच्या पेराएवढ्या पोलादावर, भिंगाखाली, एकेक रेघ.

आता तिकीट हाती घ्या. बोटाने नको, चिमट्याने. भिंग डोळ्याशी न्या आणि तिकीट भिंगाखाली आणा.

साध्या ऑफसेट छपाईचं रंगीत तिकीट भिंगाखाली धरलं की चित्र फुटतं आणि रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. जवळ जावं तसं चित्र नाहीसं होतं. कोरलेल्या तिकिटाचं उलट आहे. जवळ जावं तसं ते उलगडत जातं. केसांची एकेक लांब रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये भरदार आणि शेवटी पुन्हा बारीक होत विरते. गालाचा उजेड आणि सावली जिथे एकमेकांत मिसळतात तिथे रेघ तुटते आणि तिचे ठिपके होतात. गळ्यावरच्या रेषा गळ्याच्या गोलाईने वळतात. कोटाच्या काळ्या भागात दोन, कुठे तीन थर एकमेकांना तिरके छेदतात. यातली एकही रेघ यंत्राने ठरवलेली नाही. प्रत्येक रेघ कुठे सुरू करायची, किती दाबायची आणि कुठे सोडायची हे कोणीतरी ठरवलं आहे.

हा कोणीतरी म्हणजे कोण, हा आजच्या मननाचा विषय.

तिकिटं जमवणारा माणूस सहसा तीन प्रश्न विचारतो: देश कोणता, साल कोणतं, किंमत काय. काही जण विषयवार संग्रह करतात: पक्षी, आगगाड्या, गांधीजी. पण जगभर संग्राहकांचा एक छोटा गोतावळा असाही आहे जो वेगळाच प्रश्न विचारतो: हा हात कोणाचा? ते देशाने नाही, विषयानेही नाही, कोरणाऱ्याच्या नावाने तिकिटं आणि नोटा जमवतात. त्यात ज्या नावाभोवती सर्वांत मोठा मेळा जमला ते नाव चेस्वाव स्लानिया. मीही त्या मेळ्यातला एक.

स्लानियांचा जन्म १९२१ साली पोलंडमधल्या चेलाद्झ या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात पोलंड नाझींच्या ताब्यात असताना हा तरुण भूमिगत चळवळीत होता आणि चळवळीसाठी बनावट कागदपत्रं तयार करत होता. युद्धानंतर क्राकूवच्या कला अकादमीत शिक्षण झालं. १९५१ साली पॅरिस कम्यूनच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त पोलंडने काढलेलं तिकीट हे त्यांनी कोरलेलं पहिलं तिकीट. १९५६ साली ते स्वीडनला गेले. १९६० साली कवी गुस्ताफ फ्रेडिंग यांचं तिकीट आलं, ते स्वीडनसाठी त्यांनी कोरलेलं पहिलं. १९७२ साली स्वीडनच्या राजदरबाराने त्यांना दरबारी एनग्रेव्हर, म्हणजे कोरणारा, नेमलं. पुढे डेन्मार्क, मोनॅको, ग्रीनलंड, फेरो बेटं, संयुक्त राष्ट्रं, अमेरिका अशा अनेकांसाठी त्यांनी तिकिटं कोरली, आणि निरनिराळ्या देशांच्या नोटांवरही त्यांचा हात फिरला. १७ मार्च २००० रोजी त्यांचं हजारावं तिकीट निघालं: सतराव्या शतकातल्या एरेनस्ट्राल या चित्रकाराच्या, स्वीडिश राजांच्या पराक्रमावरच्या भव्य छतचित्राचं. साधारण ८ बाय ६ सेंटिमीटरचं ते तिकीट कोरीव तिकिटांत सर्वांत मोठं म्हणून गिनीजच्या विक्रमांत नोंदलं गेलं. बरोबर पाच वर्षांनी, १७ मार्च २००५ रोजी, क्राकूवमध्ये त्यांचं निधन झालं.

ही माहिती झाली. माहिती वाचून होते, पण मनात मुरायला वेळ लागतो. म्हणून यातल्या एकेका गोष्टीपाशी आपण बसू.

आधी बनावट कागदपत्रांपाशी. विशीतल्या एका मुलाचा हात इतका स्थिर होता की त्याने उठवलेला शिक्का आणि अक्षरं तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत. अशा कागदांवर माणसांचे जीव तरत. युद्ध संपलं. पुढे त्याच हाताने कोरलेल्या नोटा अशा झाल्या की दुसऱ्या कोणाला त्यांची नक्कल साधू नये. कौशल्य तेच. बदललं ते एवढंच की काळाने त्या हाताकडे काय मागितलं. आपल्याही हातात काहीतरी कौशल्य असतं. ते कोणाच्या बाजूने उभं राहील हे कौशल्य स्वतः ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. हा विचार थोडा वेळ मनात ठेवा.

आता नोटेवरच्या चेहऱ्यापाशी. नोटांवर चेहरेच का असतात? त्यामागे आदर आहेच, पण एक व्यवहारी कारणही आहे. माणसाची नजर चेहऱ्याइतकं दुसरं काहीच बारकाईने ओळखत नाही. झाडाचं एक पान इकडचं तिकडे झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. ओठाच्या कोपऱ्यातली एक रेघ हलली तर चेहरा परका वाटू लागतो. काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकलं आहे हे कळतं. म्हणून बनावट नोट करणाऱ्याची खरी कसोटी चेहऱ्यावर लागते आणि खऱ्या एनग्रेव्हरचीही तिथेच. समोरची नोट पुन्हा पाहा. आपल्या नोटांवरची गांधीजींची ही प्रतिमा १९४६ सालच्या एका छायाचित्रावरून घेतलेली आहे आणि महात्मा गांधी मालिका १९९६ साली सुरू झाली. भिंगातून ओठांकडे पाहा. त्या हसण्यासाठी किती थोड्या रेषा लागल्या ते पाहा.

आता सर्वांत महत्त्वाच्या जागी येऊ. तिकिटावरच्या चेहऱ्याच्या डोळ्यावर भिंग स्थिर करा. बुबुळ गडद आहे. रेषांवर रेषा आहेत. त्या गडदपणात एक पांढरा बिंदू आहे. त्या बिंदूमुळे डोळा जिवंत झाला आहे. तो पांढरा रंग कुठून आला? तो छापलेला नाही. कोरीव छपाईत पांढरी शाई वापरत नाहीत. तो बिंदू म्हणजे पोलादाचा तो भाग जिथे कोरणाऱ्याने काही केलं नाही. चहूबाजूंनी कोरणी फिरली, पण तेवढा ठिपका त्याने जाऊ दिला. कपाळावरचा उजेड, नाकाच्या शेंड्यावरची चमक, पांढऱ्या कॉलरची पूर्ण पट्टी, सगळं तसंच: न कोरलेलं पोलाद. अंधार हाताने केलेला आहे आणि उजेड हाताने राखलेला आहे.

इथे घाई करू नका. दिवसभरात आपण बोललो ते आपल्या लक्षात राहतं. बोलायचं टाळलं ते कोणी मोजत नाही. पण घरात, कामावर, मैत्रीत कितीतरी उजेड अशा न बोललेल्या जागांमुळेच टिकलेला असतो. पोलादात एकदा चर पडली की ती बुजवणं फार कठीण. मागून ठोकून, वरून घासून, पुन्हा सपाट करून नव्याने कोरावं लागतं. म्हणून कोरणारा रेघ मारण्याआधी थांबतो. तो थांबतो ती वेळही त्या तिकिटात छापलेली आहे, फक्त ती पाहायला भिंग लागतं.

आता वेळेचाच विचार करू. पहिलं तिकीट १९५१ साली, हजारावं २००० साली. एकोणपन्नास वर्षांत एक हजार, म्हणजे सरासरी अडीच आठवड्यांना एक. एकेका रेघेपाशी इतका सावकाश असलेला हा माणूस एकंदरीत किती वेगवान होता! याचं मला फार अप्रूप वाटतं. सावकाशपणा म्हणजे आळस नव्हे, आणि वेग म्हणजे घाई नव्हे, हे या दोन आकड्यांनी मला जितकं पटवलं तितकं कोणत्याही उपदेशाने पटवलं नाही. ते रोज बसत, म्हणून हजार झाली. टपालखात्याचं काम हाती नसताना स्वतःच्या आनंदासाठीही ते कोरत. मुष्टियुद्धातल्या जगज्जेत्यांची एक मालिका त्यांनी अशीच कोरली. आकार तिकिटाचा, पण ती कोणत्याही देशाची तिकिटं नव्हती.

आता एका तिकिटाकडे जरा निवांत पाहू. १९९३ साली अमेरिका आणि मोनॅको यांनी मिळून ग्रेस केलीचं तिकीट काढलं. एका देशाची ती चित्रपटातली नटी, दुसऱ्या देशाची प्रिन्सेस. दोन्ही देशांनी तिचा चेहरा कोरायला स्लानियांनाच सांगितलं. अमेरिकेचं तिकीट एकाच निळ्या रंगात आहे. रंगाची दुसरी छटा मदतीला नाही. सोनेरी केस, कातडीची नितळाई, डोळ्यांतली शांतता हे सगळं एका निळ्या शाईच्या जाड-बारीक रेषांतून उभं करायचं होतं. ते तिकीट भिंगाखाली धरलं की कळतं, साधनं कमी असली म्हणून काम उणं राहत नाही. रेघ आणि रिकामी जागा, एवढ्यावर एक अख्खा चेहरा उभा आहे.

स्वीडनच्या टपालखात्याची आणखी एक मालिका आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. १९६१ पासून त्यांनी दरवर्षी, साठ वर्षांपूर्वीच्या नोबेल विजेत्यांची तिकिटं काढायला सुरुवात केली. त्या मालिकेतले कितीतरी चेहरे स्लानियांच्या कोरणीतून उतरले. १९७३ साली त्या क्रमात १९१३ च्या विजेत्यांची पाळी आली आणि रवींद्रनाथ टागोर स्वीडनच्या तिकिटावर आले. भारतीय संग्राहकाला या मालिकेत शिरायला हे दार सोपं आहे.

आता तिकिटाच्या खालच्या कडेला या. चित्र आणि दातेरी कड यांच्यामधल्या त्या अरुंद पट्टीत, नंतरच्या बऱ्याच स्वीडिश तिकिटांवर, अगदी बारीक अक्षरांत नाव असतं: चित्र काढणाऱ्याचं एका बाजूला, कोरणाऱ्याचं दुसऱ्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना ती रेघच वाटते. बहुतेक देशांच्या बहुतेक तिकिटांवर तेवढंही नाव नसतं. हजारो पत्रांवर बसून जे काम घरोघरी गेलं, ते कोणाचं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. आणि त्यावर टपालाचा शिक्का बसला, कधी नेमका डोळ्यावर. कोरणाऱ्याला हे ठाऊक होतं. ज्या कामावर शिक्का मारला जाणार, जे पाकिटासकट केराच्या टोपलीत जाणार, त्यातल्या डोळ्यातला पांढरा बिंदू तरीही त्याने जपला. नरहरी सोनारांच्या परंपरेतल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हातातलं काम हीच जिथे पूजा असते, तिथे ते काम कोण पाहणार आहे हा प्रश्न मागे पडतो.

नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेसच्या भिंतींच्या आत आपल्याकडचं असंच काम चालत आलं आहे. नोटांचा प्रेस १९२८ पासूनचा. त्या परिसरातल्या कितीतरी घरांत आजोबा प्रेसमध्ये, वडील प्रेसमध्ये अशी पिढ्यांची नोकरी आहे. त्यांच्या हातून गेलेल्या नोटा आणि तिकिटं साऱ्या देशाने वापरली. नावं त्यांच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. समोरची नोट खाली ठेवण्याआधी त्या सर्वांचीही एकदा आठवण करू.

शेवटची गोष्ट लोभाची. संग्रह म्हटला की लोभ येतो. दुर्मिळ काय, महाग काय, दुसऱ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही असं काय. कोरणाऱ्याच्या नावाने जमवू लागल्यावर हा लोभ बराच निवतो, कारण स्लानियांची पुष्कळ तिकिटं फार स्वस्त आहेत. त्यांनी दैनंदिन वापराची तिकिटंही कोरली आणि ती लाखोंनी छापली गेली. प्रदर्शनातल्या विक्रेत्याच्या टेबलावर परदेशी वापरलेल्या तिकिटांचं जे खोकं असतं, त्यात ती चहाच्या किमतीत सापडतात. स्वीडनची तिकिटं ओळखायची एक खूणही आहे: रोलमधल्या तिकिटांना दोनच बाजूंना दाते असतात, बाकीच्या दोन कडा सरळ कापलेल्या, पुस्तिकेतल्या तिकिटांना बहुधा तीन बाजूंना. नवख्या माणसाला ते तिकीट खराब वाटतं आणि तो बाजूला टाकतो. तुम्ही टाकू नका. उचला आणि भिंगाखाली धरा. इथे मौल्यवान काय ते किमतीवरून कळत नाही, पाहूनच कळतं. आणि पाहण्याला पैसे पडत नाहीत.

स्लानियांबरोबर हे काम संपलं नाही. त्यांच्या मागे स्वीडनमध्ये पिओत्र नाशारकोव्स्की हा दुसरा पोलिश एनग्रेव्हर तेच काम करत राहिला. २००५ साली स्वीडन आणि अमेरिका यांनी मिळून काढलेलं ग्रेटा गार्बोचं तिकीट त्याचं. पण हाताने पोलाद कोरणारी माणसं आता जगात मोजकी उरली आहेत. संगणक बारीक रेषा आखतो, यंत्र त्या कापतं. वाईट काहीच नाही. पण एका माणसाने एका चेहऱ्यापाशी आठवडेच्या आठवडे बसणं दिवसेंदिवस दुर्मिळ होणार, आणि म्हणून ज्यांनी ते केलं त्यांची नावं राखणं हे आता संग्राहकांचं काम आहे.

दिवा मालवण्याआधी एवढं करा. आपल्या अल्बममधली दहा कोरीव तिकिटं निवडा. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी नाही, रेघा दिसतात ती. त्यांच्या खालच्या कडेवरचं नाव भिंगाने वाचा. नाव नसेल तर कॅटलॉगमध्ये शोधा. जर्मनीच्या मिखेल कॅटलॉगमध्ये चित्रकार आणि एनग्रेव्हर यांची नावं वेगवेगळी दिलेली असतात. मग पानावर देश आणि साल जिथे लिहिलं आहे, तिथे खाली आणखी एक ओळ घाला: कोरणाऱ्याचं नाव. यापुढे प्रत्येक नव्या तिकिटाला ती ओळ लिहीत जा.